शिजवलेली पावडर

तुम्ही चोर शोधायला माणूस पाठवलात. चूक शोधायला तुमच्याकडून कधी कुणी आलंच नाही. आसेगावच्या अंजनाने योजनेची पावडर विकून खाल्ली, हे तुमच्या ऑफिसात खुर्चीवर बसूनच ठरलं होतं. म्हणून तर तुमचे साहेब गाडीतून उतरले, नाकाला रुमाल लावला आणि रामराम-शामराम काही न करता सरळ म्हणाले,

"पावडर कुठे विकली, बाई?"

अंजना डुकरांच्या कप्प्यात खराट्याने घाण ओढत होती. तिने खराटा भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले.

"कोनती पावडर, साहेब?"

"एंझाइमची. पाकिटं मिळतात ना तुम्हाला?"

"ते तं डुकरायच्या पोटात गेली."

"पोटात गेली असती तर ती अशी दिसली असती का?"

साहेबांनी रुमाल न काढता हनुवटीनेच डावीकडचा कप्पा दाखवला. तिथली पांढरी डुकरं भिंतीला अंग लावून उभी होती. पाठीचा कणा वर आलेला, मागचे पाय पातळ हगवणीने माखलेले. त्यांच्यातली दोन आधीच मेली होती. उजवीकडच्या कप्प्यात त्यांचीच भावंडं होती, पण गुलाबी, गोल, एकमेकांच्या अंगावर लोळणारी. एकाच मादीची पिल्लं आहेत हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

अंजनाचा नवरा खेमा पाण्याची बादली घेऊन येत होता, तो वाटेतच थांबला.

"साहेब, थे पावडर इकत घेईन कोन? तिले ना चव ना वास."

"पोल्ट्रीवाले घेतात. आम्हाला सगळं माहीत असतं."

सगळं माहीत असलेल्या माणसाला पुढे काय बोलायचं? खेमाने बादली खाली ठेवली.

साहेबांच्या मागे सुचिता मॅडम उभी होती. वाशिमचीच मुलगी, प्रकल्पावर कंत्राटी नोकरीला. खांद्याला बर्फाचा डबा. ती अधूनमधून यायची, हातमोजे घालून दोन्ही कप्प्यांतली ताजी लेंडं चिमटीने उचलायची, इवल्या इवल्या नळ्यांत भरायची आणि डब्यात ठेवून न्यायची. आज तिने डबा उघडलाच नव्हता. ती जमिनीकडे बघत होती.

हे सगळं सुरू कसं झालं, तेही ऐका. तुम्हीच सुरू केलंत, पण तुम्हाला आठवत नसेल.

या घरात डुकरं पिढ्यान्पिढ्यांची. पण ती काळी, गावभर हुंगत फिरणारी आणि गावभरच्या शिव्या घरी घेऊन येणारी. त्यांच्यावर घर चालत नसे. दसरा झाला की टोळीचा ट्रक यायचा आणि अंजना-खेमा ऊसतोडीला जायचे. सासू सोजरबाई एक तर कुलूप लावलेल्या शेजारात एकटी राहायची, नाही तर दुखरे गुडघे घेऊन फडावर येऊन पालातल्या चुलीशी बसायची. डुकरांची पिल्लं देणारी तुमची योजना आली तेव्हा अंजनाने एवढंच पाहिलं, की ही पांढरी डुकरं नीट वाढली तर ट्रकात चढायचं नाही. त्यापलीकडे तिने काही मागितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात टोळीचा मुकादम मोटारसायकल दारात लावून विचारून गेला, यंदा येता का म्हणून. अंजनाने त्याला छाती पुढे काढून सांगितलं होतं, "नाई भाऊ. आमचं आता इथंच जमून राह्यलं."

तर मंगरूळपीरच्या एका हॉलमध्ये प्रशिक्षण झालं. शहरातून आलेल्या सरांनी पडद्यावर डुकराच्या आतड्याचं चित्र दाखवलं. ते असं लांबलचक होतं, की खेमा कुजबुजला, "येवळं आतडं असल्यावर त्यानं खाऊ नाई तं काय करावं." सरांनी समजावलं, की डुकराला एरवी मका आणि सोयाबीनची ढेप, म्हणजे पेंड, लागते, ते दाट खाद्य. ते महाग. त्याऐवजी हलकं खाद्य द्या, गव्हाचा कोंडा आणि सोयाबीनचं दळलेलं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा. पण कुटार चरबट, डुकराच्या पोटाला ते फोडता येत नाही. न फुटलेलं अन्न पुढे आतड्यात कुजतं, तिथे वाईट जंतू माजतात आणि हगवण लागते. ही पावडर ते चरबट मोडते. मग हलकं खाद्यही अंगी लागतं, वाईट जंतू कमी होतात आणि चांगले वाढतात.

गोष्ट खोटी नव्हती. आपल्या जिल्ह्यात कुटाराला तोटा आहे का? सोयाबीन निघालं की लोक ढिगाला काडी लावून मोकळे होतात. ते जर डुकराच्या अंगाला लागणार असेल तर वाईट काय? अंजनाला पटलं. दोन कप्पे ठरले. एकाला दाट खाद्य, दुसऱ्याला हलकं आणि वर पावडर. पुढे दोन्ही सारखे वाढतात का, ते बघायचं. खेमाने घरी आल्यावर नावं ठेवली, एकाला सावकार, दुसऱ्याला मजूर.

सोजरबाईला तो सगळा प्रकार ऐकून हसू आलं होतं.

"मांगच्या वर्सी तो डॉक्टर आलता तं म्हने, पोटातले जंत पाडा. आता हे म्हनते, पोटात जंतू पाळा. एकदा काय थे पक्कं करा ना बापा."

"चांगले जंतू पाळाचे, आत्या," अंजनाने सांगितलं.

"मंग थे चांगले कोनते, वळखू कसे येतीन? टोप्या घालते का?"

हॉलमध्ये सरांनी शेवटी सांगितलं, पावडर खाद्यात नीट मिसळायची, सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे. मग जेवणाचे डबे आले, फोटो झाला, प्रशिक्षण संपलं. पाकिटावर काय लिहिलं होतं ते इंग्रजीत होतं. अंजना सातवी शिकलेली. मराठीत असतं तर तिने अक्षर न् अक्षर वाचलं असतं.

आता घरातली रीत ऐका. या घरात डुकराला हाताने कच्चं काही घातलं जात नाही. सोजरबाई नवी नवरी असताना सासऱ्याने हॉटेलातलं उरलंसुरलं तसंच घातलं आणि दारातली सगळी डुकरं तडफडून गेली. त्या दिवसापासून नियम झाला, की गव्हाणीत जे पडेल ते आधी चुलीवर चढेल. भाजीपाला, शिळं, कोंडा, काहीही. मोठा गंज, म्हणजे पातेलं, खाली तुराट्यांचा, तुरीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, आणि सोजरबाई लाकडी फळकुटाने ढवळत बसलेली. सरकारी दवाखान्याची जंताची गोळीसुद्धा तिने कुटून त्या गंजातच टाकली होती. आणि हा नियम चांगला होता. शेजारपाजारची डुकरं मेली तेव्हाही यांची जगली, ती या गंजामुळे.

पावडर मिसळायची म्हणजे कुठे मिसळायची? जिथे रोज सगळं मिसळलं जातं तिथे. उकळत्या गंजात.

सोजरबाई पाकीट फाडायची, पावडर ओतायची, पाकिटात पाणी घालून खळबळून तेही ओतायची. चिमूटभर वाया जाऊ द्यायची नाही. सावकाराचं खाद्य खेमा वेगळ्या बादलीत साधं भिजवून द्यायचा, कारण ते बाजाराच्या पोत्यातलं आयतं होतं, त्याला चूल लागत नाही असं पोतं देणाऱ्यानेच सांगितलं होतं. बघा, पोतंवाल्या दुकानदाराला सांगायचं सुचलं.

मजूर कप्पा खंगायला लागला. आधी वाटलं, नवं खाद्य आहे, बसेल अंगी. मग हगवण लागली. सोजरबाईने निदान केलं, की पावडर नीट शिजत नसेल. ती जाळ वाढवू लागली. अंजना वावरातून तुराट्यांचे भारे आणून टाकू लागली. गंज रटरट, रटरट. डुकरं जितकी वाळली तितकी ती पावडर जास्त शिजली. इमानदारीने, मन लावून, रोज. माझा जीव जळतो तो इथे. चोरी केली असती तर परवडलं असतं, असं म्हणायची पाळी.

आणि मॅडम येत होती. नळ्या भरून नेत होती. एकदा सोजरबाईने तिला विचारलं होतं,

"यायचं काय करतं वो पोरी, नेऊन?"

"आजी, यातले जंतू मोजतो आम्ही. चांगले किती, वाईट किती."

"अन् मोजून मंग?"

"मग रिपोर्ट वर पाठवतो."

"वरून खाली येते का तो कवा?"

मॅडम हसली होती. तो रिपोर्ट खाली आलाच नाही. त्यात वाईट जंतू वाढलेले दिसत असणारच. ते कुणी पाहिलं असतं तर कुणी तरी गाडी काढून विचारायला आलं असतं, की बाई, तुमच्याकडे काय चाललंय? पण नळ्या गेल्या, आकडे गेले, आणि आली ती चोर शोधणारी गाडी.

"हे पाकिटं पाहा," अंजनाने आतून रिकाम्या पाकिटांची चळत आणून साहेबांपुढे धरली.

"रिकामी पाकिटं कुणीही दाखवेल."

"मंग पोट फाळून दाखवू का डुकराचं?"

"अंजने," खेमा दबक्या आवाजात म्हणाला.

"नाई, थांबा तुमी. हे आपल्या दारात येऊन आपल्याले चोर म्हनून राह्यले. शेजारी आयकून राह्यले."

शेजारी खरंच ऐकत होते. हिरीबाई कपडे वाळत घालण्याच्या निमित्ताने कुंपणापाशी आली होती आणि एकच लुगडं पुन्हा पुन्हा झटकत होती.

साहेब म्हणाले, "ठीक आहे. तुम्ही देता ना पावडर? मग माझ्यासमोर द्या. पाहू द्या मला."

सोजरबाई चुलीपाशीच होती. तिला बरं वाटलं असावं, की चला, एकदाची आपली करणी कुणी तरी बघायला मागतंय. तिने गंजाखाली दोन तुराट्या सारल्या. आतलं कुटार फदफदत होतं. तिने नवं पाकीट घेतलं, दातांनी कोपरा फाडला, साहेबांना पाकीट भरलेलं आहे हे नीट दाखवलं, आणि उकळत्या गंजात उपडं केलं.

"आजी, थांबा," मॅडम पुढे धावली.

"काहून? झालं की. आता पाकीट खळबळते."

"अवो आजी, हे शिजवाचं नसते." तिची ऑफिसची मराठी कुठल्या कुठे गेली. "रोज असंच टाकता का तुमी?"

"रोज. नेमानं."

मॅडमने डोक्याला हात लावला. साहेब दोघींकडे आळीपाळीने बघत होते. "काय झालं काय?"

"सर, उष्णतेने एंझाइम निकामी होतं. उकळलं की संपलं. यांच्या डुकरांना एक दिवसही पावडर मिळालेली नाही. नुसतं कुटार खाऊन राहिलीत ती."

मग सोजरबाई म्हणाली,

"पावडर जिती असते का वो पोरी?"

"जिवंत नसते, आजी. पण तिचं काम मरते. आता असं समजा, अंडं उकळलं तं त्यातून पिल्लू निघते का?"

सोजरबाई गंजाकडे बघत राहिली. हातातलं रिकामं पाकीट तिने हळूच बाजूला ठेवलं.

"मंग हे असं सांगाचं होतं ना," ती म्हणाली. "त्या हालमंदी अंडं म्हनलं असतं एकडाव. मी काय अंडं टाकलं असतं का गंजात?"

आता तुम्ही सांगा, एवढं समोर आल्यावर माणसाने काय करावं? माफी मागावी, चूक झाली म्हणावं, निदान रुमाल तरी खाली घ्यावा. साहेबांच्या तोंडावर मात्र हळूहळू उजेड पडत गेला. सुटका झाल्यासारखा.

"म्हणजे यांनी सूचना पाळल्या नाहीत," ते म्हणाले.

"सर, सूचना..." मॅडमने सुरुवात केली.

"तुमच्या कंत्राटाचं पुढच्या महिन्यात बघायचंय ना, मॅडम? मग जरा थांबा."

मॅडम थांबली. तिने बर्फाच्या डब्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरून ठेवला.

साहेब आता गोड बोलायला लागले. त्यांनी अंजनाला ताई म्हटलं, खेमाच्या खांद्यावर हात ठेवला. चोरीचं ते विसरून जातील. केस वगैरे काही होणार नाही. मजूर कप्प्यातली डुकरं परत न्यावी लागतील, त्याला इलाज नाही, पण उजवीकडची सगळी तुमचीच. ती राहतील, वाढतील, योजना पुढे चालू राहील. फक्त मोबाइलवर दोन वाक्यं बोलायची. आम्हाला पावडर शिजवू नका अशी सूचना मिळाली होती. आम्ही ती पाळली नाही. बस.

"वरचे लोक विचारतात हो. मला उत्तर द्यावं लागतं," ते म्हणाले.

"अन् नाई बोललो तं?" अंजनाने विचारलं.

"मग पावडर कुठे गेली, हा प्रश्न राहतोच. मग दोन्ही कप्पे खाली करावे लागतील. माझ्या हातात काही नाही."

खेमा अंजनाला बाजूला घेऊन गेला. बाजूला म्हणजे काय, कप्प्याच्या भिंतीआड, चार पावलांवर. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं.

"म्हन ना," तो म्हणाला. "दोन शब्दायनं अंगाले काय भोकं पडते? चूक तं आपल्या हातूनच झाली."

"आपल्या हातून झाली. पन सांगतलं होतं का आपल्याले?"

"नसन सांगतलं. तुले डुक्कर पायजे का भांडन पायजे? मुकादम वाट पाहून राह्यला. पुन्हा त्या ट्रकात चढतं का? बुढीले घेऊन? तिले आता खाली बसल्यावर उठता येत नाई, तिथं पालात कोन उठवन तिले?"

तो चिडला नव्हता. चिडला असता तर अंजनाला सोपं गेलं असतं. तो विनवत होता. आणि त्याचं खोटं नव्हतं. उजवीकडच्या कप्प्यातली ती गुलाबी धूडं म्हणजे त्यांचा अख्खा हिवाळा होता, घरच्या छपराखालचा. त्यांतलं एक खेमाच्या आवाजाने कठड्याला नाक लावून उभं राहिलं होतं.

अंजना म्हणाली, "बरं. म्हन्तो मी."

ती परत आली. साहेबांनी मोबाइल आडवा धरला, तिला उजेडात उभं केलं, मागे गुलाबी डुकरं दिसतील असं. हिरीबाईने लुगडं झटकणं थांबवलं.

"नाव सांगा आधी. मग गाव. मग ती दोन वाक्यं. सावकाश बोला."

अंजनाने पदर नीट केला. तोंड उघडणार, तेवढ्यात तिला चुलीपाशी सोजरबाई दिसली. म्हातारी जाळ विझवत होती. एकेक तुराटी बाहेर ओढून मातीत खुपसत होती, आणि स्वतःशीच बोलल्यासारखं पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणत होती,

"मीच मारले. माह्या हातानं शिजू शिजू मारले. लेकरायवानी पोसले अन् मीच मारले."

अंजनाने तिच्याकडे पाहिलं. एकदा ती वाक्यं मोबाइलमध्ये गेली, की म्हाताऱ्या बाईच्या डोक्यावर हे कायमचं बसणार होतं. सून बोलली, म्हणजे खरंच असेल. सांगितलं असेल आपल्याला. आपणच ऐकलं नसेल.

"बोला ताई. चालू आहे."

"माहं नाव अंजना," ती म्हणाली. "गाव आसेगाव. ह्या माह्या सासूबाई, सोजरबाई. ह्यायनं पावडर शिजवली, हे खरं हाय. रोज शिजवली. मीच तुराट्या आनून देल्या."

"छान. पुढे."

"आमाले सूचना भेटली होती," ती म्हणाली आणि थांबली.

साहेबांनी मान डोलावली, पुढे चला म्हणून. खेमाने डोळे मिटून घेतले होते.

"कोनं देल्ली?" अंजना म्हणाली.

"तसं नाही ताई. 'आम्ही ती पाळली नाही', असं म्हणा."

"थे म्हन्तो ना. पाळली नाई म्हनाले मी तयार हाय. पन जे पाळाचं होतं, थे आमाले कोनं सांगतलं, तेवळं नाव पयले सांगा. हालमंदी सांगतलं, का इथं येऊन सांगतलं? सायबानं सांगतलं का मॅडमनं सांगतलं? कोन्या दिवशी? ही बुढी रडून राह्यली तिथं, तिले त्या मान्साचं नाव पायजे. मीबी तिले सांगीन मंग, का आत्या, अमक्यानं तुमाले सांगतलं होतं अन् तुमी आयकलं नाई."

साहेबांचं बोट पडद्यावर बटण शोधत फिरत होतं. अंजनाने हात पुढे केला आणि मोबाइलची खालची कड धरली. ओढला नाही, ढकलला नाही. नुसता धरला, हलू नये एवढाच.

"बंद नोका करू. माहं अर्धंच झालं. मॅडम, तुमी सांगतलं होतं?"

मॅडमने मान हलवली. नाही म्हणून हलवली, आणि ती साहेबांकडे न बघता हलवली.

"साहेब, तुमी?"

उजवीकडच्या कप्प्यात डुकरं भुकेने ओरडायला लागली होती. त्यांची वेळ झाली होती.

"डुकरं न्याची असतीन तं घेऊन जा," अंजना म्हणाली. "दोन्ही कप्पे न्या. पन जाच्या पयले बोला. आमाले कोनं सांगतलं होतं?"